बर्सलेमचा कुंभार

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात बर्सलेम नावाचे एक लहानसे गाव होते. तेथे घरोघरी कुंभारकाम चाले. भट्ट्यांचा धूर आणि चिखलाच्या वाटा हीच त्या गावाची ओळख. अशा या गावी एका कुंभाराच्या घरी इ. स. १७३० मध्ये जोसाया वेजवुड याचा जन्म झाला. पुढे याच मुलाने आपल्या गावच्या मातीची भांडी रशियाच्या राजवाड्यापर्यंत पोहोचविली.

जोसाया नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. शाळा सोडून तो थोरल्या भावाच्या कारखान्यात काम करू लागला. लवकरच त्याला देवी आल्या. जीव वाचला, परंतु उजवा गुडघा कायमचा दुबळा झाला. त्या काळी कुंभाराचे चाक पायाने फिरवावे लागे. ते काम आता त्याला जमेना. तेव्हा त्याने आपले लक्ष मातीच्या मिश्रणांकडे व झिलईकडे वळविले. प्रत्येक प्रयोगाची नोंद तो वहीत काळजीपूर्वक करून ठेवी.

१७५९ मध्ये त्याने बर्सलेम येथेच स्वतःचा लहानसा कारखाना काढला. अनेक प्रयोगांनंतर त्याला फिकट पिवळसर रंगाची, तुळतुळीत आणि टिकाऊ भांडी बनविण्यात यश आले. १७६५ मध्ये शार्लट राणीसाठी त्याने चहाच्या भांड्यांचा एक संच करून दिला. राणी प्रसन्न झाली आणि त्या भांड्यांना राणीचे नाव लावण्याची अनुज्ञा त्याला मिळाली. वेजवुडने या मानाचा व्यापारासाठी चतुराईने उपयोग करून घेतला.

परंतु उत्तम माल तयार झाला, तरी तो गिऱ्हाइकापर्यंत धड पोहोचला पाहिजे. बर्सलेमचे रस्ते इतके खराब होते, की घोड्यांच्या पाठीवरून नेताना पुष्कळशी भांडी वाटेतच फुटत. म्हणून ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा व्हावा, यासाठी वेजवुडने जिवापाड खटपट केली. १७६६ मध्ये कालव्याच्या कामास आरंभ झाला, तेव्हा पहिली कुदळ त्यानेच मारली. अकरा वर्षांनी हा कालवा पूर्ण झाला. स्टॅफर्डशायरचा माल आता पाण्यावरून अलगद लिव्हरपूलच्या बंदरास जाऊ लागला.

या लिव्हरपूल शहरीच त्याला टॉमस बेंटली हा मित्र लाभला होता. बेंटली बहुश्रुत व्यापारी होता. परदेशांतील लोकांच्या आवडीनिवडी तो जाणून होता. दोघांनी भागीदारी केली. १७६८ मध्ये वेजवुडचा दुखरा पाय कापावा लागला. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. ते असह्य दुःख सोसून तो लवकरच लाकडी पायावर उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी कालव्याच्या काठी त्याने एट्रुरिया नावाचा नवा कारखाना सुरू केला.

कारखाना मोठा झाला, तशी मोठ्या बाजारपेठेची गरज भासू लागली. १७७१ मध्ये वेजवुडने एक धाडस केले. जर्मनीतील सरदार घराण्यांना, त्यांनी मागणी केलेली नसताना, त्याने भांड्यांची शेकडो पार्सले पाठविली. प्रत्येकात सुमारे २० पौंडांचा माल असून सोबत बिल व पत्र होते. पैसे आले नसते, तर धंदा बुडण्याची वेळ आली असती. परंतु माल पाहून बहुतेकांनी पैसे चुकते केले आणि पुढेही मागणी येऊ लागली. परदेशी गिऱ्हाइकांना समजाव्यात म्हणून त्याने आपल्या मालाच्या याद्या फ्रेंचसारख्या इतर भाषांतही छापविल्या.

१७७३ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने एक प्रचंड संच मागविला. त्यातील नऊशेंहून अधिक भांड्यांवर इंग्लंडमधील निरनिराळी दृश्ये हातांनी रंगवावयाची होती. या कामात नफा थोडा होता. पण भांडी रशियाला पाठविण्यापूर्वी वेजवुडने ती लंडनमध्ये प्रदर्शनास मांडली. ती पाहण्यास थोरामोठ्यांची रीघ लागली आणि त्याची कीर्ती दूरवर पसरली.

वैभव आले, तरी त्याची जिज्ञासा मंदावली नाही. भट्टीतील उष्णता मोजण्याचे एक साधन त्याने शोधून काढले. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले. गुलामांच्या व्यापाराची त्याला चीड होती. १७८७ मध्ये त्याने हात जोडून दयेची याचना करणाऱ्या, साखळदंडांनी बांधलेल्या गुलामाचे चित्र असलेली लहान पदके घडविली आणि विनामूल्य वाटली. काही पदके त्याने अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन याच्याकडेही धाडली.

३ जानेवारी १७९५ रोजी एट्रुरिया येथे वेजवुडचे निधन झाले. ज्या दुखण्याने त्याला चाकावरून उठविले, त्याच दुखण्याने त्याला प्रयोगांच्या वाटेस लावले. मालाचा कस, वाहतुकीची सोय आणि गिऱ्हाइकाची पारख या तिन्ही गोष्टी त्याने सांभाळल्या. म्हणूनच एका खेड्यातील कुंभाराची भांडी समुद्रापलीकडे गेली आणि तेथे मान पावली.