मुखत्यारपत्राचे बळ : सार्वजनिक काका

उदगीरसारख्या शहरात नगरपरिषद नवा कर बसविण्याचे योजिते, तेव्हा नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात. सूचनाफलकावर कागद लागतो, मुदत संपते आणि आलेल्या मोजक्या अर्जांवरून शहराची संमती गृहीत धरली जाते. ज्यांचा अर्ज आला नाही त्यांचे मत काय होते, याचा शोध सहसा घेतला जात नाही. लोकमत हे गृहीत धरावयाचे नसून गोळा करावयाचे असते, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखली, त्या गणेश वासुदेव जोशी यांचे चरित्र या संदर्भात आठवणे उचित ठरेल.

१८२८ साली सातारा येथे जन्मलेले जोशी तरुणपणी पुण्यास आले. काही वर्षे सरकारी कचेरीत नोकरी केल्यावर ते वकिलीच्या परीक्षेस बसले व पुढे त्याच व्यवसायात स्थिरावले. पुण्यातील पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्यांची दाद लावण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले. परंतु सभेचा खरा भार जोशी यांनी वाहिला आणि लोकांनी त्यांना सार्वजनिक काका हे नाव दिले.

तत्कालीन राज्यकर्त्यांपुढे अर्ज घेऊन जाणाऱ्यास एक अडचणीचा प्रश्न हमखास विचारला जाई : आपण कोणाच्या वतीने बोलता? सभेने त्याचे उत्तर वकिली पद्धतीनेच दिले. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम करण्यात आला. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे अशा रीतीने सुमारे ६,००० लोकांची अधिकृत संमती उभी राहिली. मतपेटी नव्हती, मतदारयादी नव्हती; तरीही प्रतिनिधित्व हे मोजता येते आणि मोजून दाखविता येते, हे त्या कागदांनी सिद्ध केले.

त्या काळी कर आणि संमती यांची फारकत पूर्ण होती. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला. रस्ते आणि शाळा यांसाठी तो होता, हे खरे. पण तो देणाऱ्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते व खर्च ठरविणाऱ्या कमिट्याही सरकारनियुक्तच असत. अशा वेळी ब्रिटिश पार्लमेंटची एक समिती हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराची चौकशी करीत होती. तिच्यापुढे ठेवण्यासाठी सार्वजनिक सभेने माहिती गोळा करणारी उपसमिती नेमली आणि १८७३ साली तिचा अहवाल छापून काढला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त मिळवून सरकारकडे धाडले आणि दुष्काळी कामावरील मजुरीत केलेल्या कपातीस विरोध केला. तक्रारीला आकड्याचा व प्रत्यक्ष पाहणीचा आधार हवा, ही न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी. ती अमलात आणण्यासाठी लागणारी दगदग मात्र काकांची होती.

१८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेच्या वतीने खादीच्या वेषात गेले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. २५ जुलै १८८० रोजी त्यांचे निधन झाले. स्थानिक स्वराज्याविषयीचा लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ साली झाला, तो पाहण्यास ते उरले नव्हते.

काकांच्या या प्रयोगाची उणीवही सांगितली पाहिजे. सभेत सरदार, इनामदार, सावकार, वकील यांचे प्राबल्य होते. ही सभा शूद्रातिशूद्रांच्या वतीने बोलू शकत नाही, हा जोतीराव फुले यांचा आक्षेप निराधार नव्हता. सह्यांची संख्या मोठी असली म्हणजे लोकमत पूर्ण झाले असे नव्हे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळवूनही निकालाचा अंदाज साफ चुकविला. त्याहून कितीतरी कमी लोकांना, पण सर्व थरांतून निवडून विचारणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता अचूक सांगितला. आज त्या देशात अनेक ठिकाणी शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढावयाचे तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो आणि त्याआधी अशी शास्त्रीय पाहणी करून घेण्याचा प्रघात आहे. किती जणांना विचारले याइतकेच कोणाला विचारावयाचे राहिले, हेही महत्त्वाचे असते.

काकांच्या हयातीत उदगीर निजामाच्या राज्यात होते. पुण्याच्या मुखत्यारपत्रांची हवा तेथवर पोहोचणे कठीण होते. १९४८ नंतर तेथील नागरिक भारतीय लोकशाहीचा घटक झाला आणि त्याच्या हाती मतपत्रिका आली. परंतु करवाढीवर मतदान घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पाच वर्षांतून एकदा दिलेल्या मतात नळ, गटार, रस्ता आणि शाळा यांविषयीची सर्व संमती कोंबली जाते. ज्या वस्तीत पाणी आठवड्याने येते तिचे आणि ज्या पेठेत ते नियमित येते तिचे पाणीपट्टीविषयीचे मत एकच असू शकत नाही. ते जाणून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. वॉर्डावॉर्डांतून, प्रत्येक थरातील ठरावीक घरे निवडून विचारपूस करणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या साहाय्याने सहज शक्य आहे. फाटकी खुर्ची आणि गळका नळ यांच्याविषयी लोकांना मत असते. ते कोणी विचारीत नाही, एवढेच.

सार्वजनिक सभेत बसण्यापूर्वी सभासदाला पन्नास उंबरे झिजवावे लागत. आजच्या सभासदाला मतांची संख्या त्याहून फार मोठी मिळते. पण करवाढीच्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी त्याने किती उंबरे झिजविले, हा प्रश्न मतदाराने त्याला विचारावयास हरकत नाही.