वेटोळ्याची अगरबत्ती

पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी घरात डास येतात. मग कोणी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतो. कोणी अंगाला निलगिरीचे तेल चोळतो. पुष्कळ घरांत वेटोळ्याची मच्छर अगरबत्ती पेटते. तुम्हीही ती अनेकदा पेटवली असेल. ही अगरबत्ती जगाला जपानच्या एइचिरो उएयामा यांनी दिली.

उएयामा यांचा जन्म १८६२ साली झाला. जपानच्या वाकायामा प्रांतातील त्यांच्या घराण्याच्या संत्र्यांच्या बागा होत्या. तोक्यो येथे त्यांनी फुकुझावा युकिची या थोर शिक्षकांच्या शाळेत शिक्षण घेतले. नंतर गावी येऊन १८८५ साली संत्री परदेशी पाठवण्याचा व्यापार सुरू केला. याच सुमारास फुकुझावांनी त्यांची एका अमेरिकन व्यापाऱ्याशी ओळख करून दिली. हा व्यापारी रोपांचा आणि बियाण्यांचा धंदा करत असे. उएयामांनी त्याला संत्र्याची रोपे दिली. त्याच्या बदल्यात १८८६ साली त्यांना काही बियाणे मिळाले. त्यात पायरेथ्रम नावाच्या फुलझाडाचे बी होते.

हे झाड शेवंतीच्या कुळातले आहे. पाकळ्या पांढऱ्या आणि मध्यभाग पिवळा, असे त्याचे साधे फूल असते. मूळचे ते युरोपातील डाल्मेशिया भागातले. या फुलात कीटकांना मारणारे द्रव्य असते. निलगिरीसारख्या तेलाचा वास डासाला दूर ठेवतो. पण वास उडून गेला की डास पुन्हा येतो. पायरेथ्रमचे द्रव्य मात्र कीटकाच्या नसांवरच घाव घालते, त्यामुळे तो तडफडून खाली पडतो. उन्हात हे द्रव्य लवकर नष्ट होते.

उएयामांनी प्रथम स्वतःच्या शेतात हे बी पेरले. मग गावोगावी फिरून शेतकऱ्यांनाही ते लावण्याचा आग्रह केला. ओळखीचे पीक सोडून परक्या फुलाच्या मागे कोण लागणार? तरीही हळूहळू ही शेती वाढत गेली.

वाळलेल्या फुलांची भुकटी पिसवांवर चालत असे. पण डास तर उडणारे! म्हणून ती भुकटी लाकडाच्या भुशात मिसळून शेगडीत जाळत. ऐन उन्हाळ्यात घरात शेगडी आणि धूर, म्हणजे डासांपेक्षा माणसेच आधी बाहेर पळायची! पुढे तोक्योच्या एका खाणावळीत उएयामांची एका उदबत्ती बनवणाऱ्याच्या मुलाशी गाठ पडली आणि त्यांना नवी कल्पना सुचली. १८९० साली त्यांनी फुलांच्या भुकटीची सरळ काडीसारखी अगरबत्ती तयार केली.

पण ही काडी सुमारे चाळीस मिनिटांतच जळून संपे. ती बारीक असल्यामुळे धूरही कमी पडे आणि वाहतुकीत ती मोडे. लांब केली तर उभी राहत नसे. माणूस झोपला की अगरबत्ती विझायची आणि डास परत यायचे.

हा पेच त्यांच्या पत्नी युकी यांनी सोडवला. काडी जाड आणि लांब करून तिला वेटोळे द्यावे, असे त्यांनी १८९५ साली सुचवले. वेटोळे घालून बसलेला साप पाहून त्यांना हे सुचले, असे सांगतात. गंमत पाहा, डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू असतात हे तेव्हा सिद्धही झाले नव्हते. ते रोनाल्ड रॉस यांनी आपल्या देशात, सिकंदराबादला, १८९७ साली दाखवून दिले.

कल्पना एका क्षणात सुचली, पण वस्तू तयार व्हायला सात वर्षे लागली. साच्यांचा प्रयोग जमेना. शेवटी ठराविक लांबीच्या ओल्या काड्या हातानेच गुंडाळायचे ठरले. लाकडी फळीवर वाळवल्या तर त्या चिकटून बसत. मग तारेच्या जाळीवर वाळवून पाहिल्या आणि हे जमले. १९०२ साली वेटोळ्याची अगरबत्ती बाजारात आली. ती रात्रभर पुरे. निखाऱ्याच्या लगेच मागचा भाग तापतो आणि तेथून द्रव्याची वाफ निघते, त्यामुळे ते न जळता हवेत पसरते.

१९३० नंतरच्या काळात पायरेथ्रमच्या शेतीत जपान जगात सर्वांत पुढे होता. उएयामांचे १९४३ साली निधन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर केनिया या शेतीत पुढे गेला. पुढे बहुतेक अगरबत्त्यांत फुलाऐवजी कारखान्यात बनवलेले त्याच जातीचे द्रव्य घालू लागले. धूर मात्र धूरच असतो. बंद खोलीत तो छातीला अपाय करतो, म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवा.

अगरबत्ती हाताने वळण्याचे काम उएयामांच्या कारखान्यात कित्येक वर्षे चालले. कामगार दोन काड्या शेजारी धरून एकत्र गुंडाळत. आज हे काम यंत्रे करतात, पण दोन वेटोळी अजूनही एकमेकांत अडकलेलीच मिळतात. ती सोडवताना तुमच्या हातून एखादी मोडलीही असेल.