तर्काच्या पैलतीरी : इमाम गजाली



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. ह्या ग्रंथात प्रत्येकानं एका थोर पुरुषाचं चरित्र लिहावं असं ठरलं. ज्ञानोबाराय, नामदेवराय, तुकोबाराय, चोखोबा, सगळे जाणकार मंडळींनी आधीच वाटून घेतले. आम्ही चौथी शिकलेले, शेती करून कीर्तन करणारे. आम्ही जे चरित्र मागून घेतलं ते आपल्या संतमालिकेतलं नाही, आपल्या देशातलं बी नाही. इमाम गजाली हे मुसलमान धर्मातले थोर पंडित, माउलींच्या आधी दोनशे वर्षांहून जास्त काळ इराणात होऊन गेले. वारकऱ्याच्या ग्रंथात हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज जन्मानं मुसलमान, त्यांना आपण संत मानतो. मग त्या धर्मातला एक साधक देवासाठी कसा तळमळला, हे ऐकायला हरकत नसावी.

हे चरित्र आमच्याकडं कसं आलं ते सांगतो. एका वर्षी वारीत मुक्कामाला रात्री मोठा पाऊस झाला. राहुटीत पाणी शिरलं आणि आमची कीर्तनाची वही भिजून लगदा झाली. तीस वर्षांची प्रमाणं, दृष्टांत, सिद्धांत, सगळं तिच्यात. दुसऱ्या दिवशी सेवा आमचीच होती. उभे राहिलो, पण वही हातात नाही म्हणताच तोंडाला कोरड पडली. अर्ध्या तासात कसंबसं आटोपतं घेतलं. खाली मान घालून बसलो होतो. त्या मुक्कामाला दरवर्षी दिंडीला चहा पाजणारे एक मुसलमान गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी चहा हातात दिला आणि जवळ बसून गजालींची गोष्ट सांगितली. पुढं पाच-सहा वर्षं त्या मुक्कामाला आम्ही त्यांच्याकडून थोडं थोडं करून सगळं चरित्र ऐकलं. तेच इथं मांडतो.

इमामसाहेबांचा जन्म 1058 साली खोरासान प्रांतात तूस गावी झाला. आजचं मशहद शहर त्याच्या जवळच आहे. बाप लोकर कातून विकणारा गरीब माणूस होता असं सांगतात. त्याला शिक्षण नव्हतं, म्हणून मुलांनी शिकावं ही इच्छा. मरताना त्यानं महंमद आणि अहमद ही दोन्ही पोरं एका सूफी मित्राच्या हवाली केली. ठेवलेला पैसा संपला तवा त्या मित्रानं पोरांना सांगितलं, की जिथं शिकणाऱ्याला जेवण मिळतं अशा मदरशात जा. म्हंजे विद्येची सुरुवात भाकरीपासून झाली. त्यातला थोरला महंमद, तेच आपले इमाम गजाली.

तरुणपणी ते जुरजान गावी शिकून परत येत होते. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. इमामसाहेब त्यांच्या नायकामागं धावले आणि बाकी सगळं घ्या पण माझी टिपणं तेवढी द्या, अशी विनवणी केली. कशाची टिपणं म्हणून नायकानं विचारलं. हीच माझी विद्या, असं ह्यांनी सांगितलं. तसा नायक हसला. जी विद्या चोराला नेता येते ती तुझी कशी, असं तो बोलला आणि टिपणं परत दिली. इमामसाहेबांना वाटलं, ह्याच्या तोंडून देवच बोलला. गावी जाऊन तीन वर्षं त्यांनी सगळं पाठ केलं. ही गोष्ट ऐकली आणि आमच्या डोळ्यांत पाणी आलं. आमची वही तर पावसानंच नेली होती.

पण माउली, गोष्ट इथं संपत नाही. पाठ केलं म्हंजे विद्या आपली झाली, असं त्यांना तवा वाटलं. ते बी खरं नव्हतं, हे कळायला अजून वीस वर्षं जायची होती.

पुढं ते निशापूरला जुवैनी नावाच्या मोठ्या गुरूंकडं शिकले. तर्कशास्त्र, धर्मशास्त्र, वादविवाद ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी राहिला नाही. 1085 साली गुरू गेले. मग सेल्जुक राज्याचा वजीर निजामुल्मुल्क ह्याच्या दरबारी ते पंडितांत मानले गेले आणि 1091 साली वजिरानं त्यांना बगदादच्या निजामिया मदरशावर मुख्य शिक्षक नेमलं. वय तेहतीस-चौतीस. समोर तीनशे विद्यार्थी. हुज्जतुल इस्लाम, म्हंजे इस्लामचा पुरावा, अशी त्यांना पदवी पडली.

आता ज्याला लोक पुरावा म्हणत होते, त्याच्याच मनात पुराव्याविषयी शंका उठली होती. हे त्यांनी स्वतःच उतारवयात लिहून ठेवलंय. त्यांनी विचार केला, की पक्कं ज्ञान कशाला म्हणावं? डोळ्यावर भरवसा ठेवावा तर सावली उभी दिसते, पण तासाभरानं बघावं तर ती सरकलेली असते. आपण विहिरीवर सावलीकडं बघून वेळ ओळखतो, आपल्याला हे ठाऊक आहे. तारा नाण्याएवढा दिसतो, पण गणित सांगतं की तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हंजे डोळ्याला बुद्धीनं खोटं पाडलं. मग बुद्धीला खोटं पाडणारं अजून वर काही असलं तर? स्वप्नात सगळं खरं वाटतं, जागं झालं की कळतं. तसं ह्या जागेपणातून पुन्हा जागं व्हायचं असलं तर? दोन महिने ते ह्या दुखण्यात होते. बाहेर कोणाला पत्ता नाही. शेवटी बरे झाले ते पुरावा सापडून नव्हे. देवानं छातीत उजेड टाकला म्हणून बुद्धीवरचा भरवसा परत आला, असं ते सांगतात.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. इमामसाहेबांनी बुद्धी टाकून दिली नाही. गणित आणि तर्क ह्यांना त्यांनी खरं मानलं. ग्रहणाचं गणित धर्माच्या नावानं नाकारणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो, असं त्यांचं मत होतं. आंधळेपणाला ते श्रद्धा म्हणत नव्हते. तत्त्वज्ञान्यांचे ग्रंथ त्यांनी शिकवणीतून सवड काढून दोन वर्षांच्या आत वाचले, वर्षभर घोळवले आणि मगच त्यांच्या वीस मुद्द्यांवर खंडनाचा ग्रंथ लिहिला. त्यात कापसाचा दृष्टांत आहे. कापूस विस्तवाला लागला की जळतो, हे आपण बघतो. पण विस्तवानंच जाळला हे कोणी बघितलं? दोन गोष्टी एकापाठोपाठ दिसतात एवढंच, करणारा देव आहे. त्यांच्या धर्मात इब्राहीम पैगंबर आगीतून सुखरूप निघाल्याची कथा आहे, आपल्याकडं प्रल्हादाची आहे. आपण शेतकरी तर हे रोज जगतो. नांगरणी आपली, पेरणी आपली, पण दाण्याला कोंब आपण फोडत नाही.

एवढं सगळं सिद्ध केलं, तरी त्यांचं मन कोरडंच राहिलं. सूफी संतांचे ग्रंथ वाचले तवा त्यांना दिसलं, की ह्यांची खरी गोष्ट वाचून मिळायची नाही, ती चाखावीच लागते. आजारी वैद्याला आरोग्याची व्याख्या पाठ असते, औषधं ठाऊक असतात, पण आरोग्य त्याच्याजवळ नसतं. असा त्यांनी स्वतःवरच दृष्टांत लावला. आपण शिकवतो कशासाठी, हे त्यांनी मनाला विचारलं. देवासाठी नव्हे, नाव व्हावं, मान मिळावा म्हणून, असं आतून उत्तर आलं. हे लिहिताना आमचा हात थांबतो. मंडपात माणसं किती आली हे आम्ही बी चोरून मोजलंय. बिदागीचं पाकीट दाबून बघितलंय.

1095 च्या जुलैपासून सहा महिने ते तळमळले. सकाळी निघायचं ठरवावं, संध्याकाळी मोडावं. शेवटी देवानंच त्यांची जीभ बांधली. विद्यार्थ्यांसमोर बसावं आणि शब्द फुटू नये. अन्न उतरेना, पाण्याचा घोट उतरेना. वैद्यांनी हात टेकले आणि सांगितलं, की दुखणं मनाचं आहे, तिथं आमचं औषध चालत नाही. सगळ्या बगदादला उत्तर देणारा माणूस मुका झाला! तवा त्यांनी देवाला शरण जाऊन सगळं सोडलं. मुलाबाळांच्या पोटापुरतं ठेवलं, बाकी धन वाटलं. मक्केला जातो असं सांगून बाहेर पडले आणि गेले दमास्कसला. मदरशातली जागा भाऊ अहमद ह्यांनी सांभाळली.

दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारावर चढून दार लावून ते दिवसभर एकांतात बसत. पुढं जेरुसलेमला गेले, हेब्रोनला इब्राहीम पैगंबरांच्या कबरीपाशी गेले. तिथं त्यांनी नेम धरला, की राजाच्या दारी जायचं नाही, राजाचा पैसा घ्यायचा नाही आणि वाद घालायचा नाही. वाद जिंकून मोठा झालेल्या माणसाचा हा नेम, माउली. आपली माळ घालण्याइतकाच तो कठीण. मग मक्का-मदिनेची यात्रा झाली आणि मुलांच्या ओढीनं ते परत घराकडं आले. प्रपंच त्यांनी टाकला नाही, हे आपल्या वारकऱ्याला जवळचं वाटावं.

ह्याच काळात त्यांनी इह्या उलूमिद्दीन हा चाळीस भागांचा ग्रंथ लिहिला. हात धुण्यापासून मरणापर्यंत माणसानं मन कसं शुद्ध ठेवावं, हे त्यात आहे. फारसीत कीमिया-ए-सआदत लिहिला. तो पुढं हिंदुस्थानात आला, अकबर बादशहा तो वाचून घेत असे. 1106 साली वजिराच्या आग्रहानं ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. दिसायला काम तेच होतं, पण पूर्वी मानासाठी शिकवत होते, आता मान सोडायला शिकवत होते. अखेरीस तूसला घराजवळ मदरसा आणि साधकांसाठी मठ चालवून राहिले. 1111 च्या डिसेंबरात एका सोमवारी पहाटे त्यांनी वजू करून नमाज पढली, कफन मागवलं, त्याचं चुंबन घेऊन डोळ्यांना लावलं, पाय लांब केले आणि उजाडायच्या आत देह ठेवला. भाऊ अहमद ह्यांनी हे सांगून ठेवलंय. वय पंचावन्नाच्या आत.

आम्हाला ह्या चरित्रातून एवढंच कळलं. बुद्धी ही बैलगाडी आहे. ती नदीच्या काठापर्यंत आणते, तिला नावं ठेवू नयेत. पण चंद्रभागेला पूर असला तर पैलतीराला गाडी जात नाही, तिथं नावेत बसावं लागतं आणि नावाड्यावर सोडावं लागतं. काठावर उभं राहून पाण्याचं माप काढणारा काठावरच राहतो.

आपल्या दिंडीत शंभर वर्षांत कितीतरी माणसं अशी चालली की ज्यांना सही येत नव्हती. देव आहे हे त्यांनी कोणाला सिद्ध करून दाखवलं नाही. पेरणी उरकली की टाळ घेऊन निघाली, एवढंच. इमामसाहेब सगळी विद्या शिकून, मुके होऊन ज्या ठिकाणी पोचले, तिथंच ही माणसं साध्या चालण्यानं पोचली असावीत असं आम्हाला वाटतं.

आम्ही नवी वही केली आहे. तीत पहिल्या पानावर काही लिहिलं नाही, ते कोरंच ठेवलंय. कीर्तनाला उभं राहण्याआधी ते पान उघडून बघतो आणि मग वही मिटतो. ते गुरुजी आता नाहीत. त्या मुक्कामाला त्यांची मुलं दिंडीला चहा पाजतात.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल. रामकृष्ण हरी.