रंगवेडा पॉल एर्लिख

पॉल एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशिया प्रांतातील श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये मोडते. गणित व लॅटिन हे त्याचे आवडते विषय. निबंधाशी मात्र त्याचे वैरच होते. जीवन हे स्वप्न आहे, या विषयावर लिहिताना त्याने जीवन म्हणजे ऑक्सिडीकरण व स्वप्न म्हणजे मेंदूतील स्फुरदीप्ती असे प्रतिपादन केले, अशी आख्यायिका आहे. भाषाशिक्षकांस ते रुचले नसल्यास नवल ते काय!

कोळशाच्या डांबरापासून काढलेले ॲनिलीन रंग त्या काळी नवे होते. आईकडील नातलग कार्ल वायगर्ट याच्यामुळे वैद्यकाच्या या विद्यार्थ्यास त्यांचे वेड लागले. कापडाचे हे रंग तो शरीराच्या पेशींवर चढवू लागला. कोणता रंग कशास धरतो आणि कशास शिवतही नाही, हा एकच प्रश्न त्याला जन्मभर पुरला.

१८७८ च्या प्रबंधात त्याने मास्ट पेशींचे वर्णन केले. त्यांतील कण रंग घेत. पण द्रावणाचा रंग एक आणि कणांवरील छटा दुसरीच, तांबूसपणाकडे झुकलेली! रंग तोच, मग तो पालटतो कसा? याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते.

रंग जर जंतूलाच नेमका धरतो, तर औषधानेही तसे का करू नये? १८९१ साली गुटमानसह त्याने मेथिलीन ब्लू हा निळा रंग हिवतापाच्या दोन रुग्णांस दिला. १९०८ चे नोबेल पारितोषिक आणि १९०९ साली जपानी सहकारी हाता याच्या चाचण्यांत उपदंशावर गुणकारी ठरलेले ६०६ क्रमांकाचे संयुग, हे सर्वश्रुतच आहे. २० ऑगस्ट १९१५ रोजी तो निवर्तला.

छटेचे कोडे मात्र मागे उरले. एकेकाळचा त्याचा साहाय्यक लिओनोर मिखाएलिस याने १९४५ साली ग्रॅनिकसह त्याचा संबंध रंगरेणूंच्या एकत्र येण्याशी जोडला. हे रेणू धनभारित असतात. दाट ऋणभाराच्या पृष्ठावर ते नाण्यांच्या चळतीप्रमाणे रचले जातात. सुटा रेणू एक प्रकाश शोषतो, चळत दुसरा.

पाण्यात कालवलेल्या चिकणमातीवरही हेच घडते. तिचे पापुद्र्यांसारखे कण ऋणभारित असतात. मॉन्टमोरिलोनाइट मातीवरील मेथिलीन ब्लूचा असा अभ्यास बर्गमन व ओकॉन्स्की यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. भार विरळ असल्यास रेणू एकेकटे बसून निळेच राहतात. दाट असल्यास रंग जांभळ्याकडे वळतो. त्यामुळे नुसत्या रंगाच्या पालटावरून मातीवरील भाराच्या दाटीचा अंदाज करता येतो.