मेहेर बाबा

मेहेर बाबा (मूळ नाव: मेरवान शेरियार इराणी; २५ फेब्रुवारी, १८९४, पुणे - ३१ जानेवारी, १९६९, मेहेराझाद, अहमदनगर जिल्हा) हे भारतीय आध्यात्मिक गुरू होते. नगरजवळच्या अरणगाव परिसरातील मेहेराबाद येथे १० जुलै, १९२५ रोजी त्यांनी धारण केलेले मौन अखेरपर्यंत, ४३ वर्षांहून अधिक काळ, टिकले.

प्रारंभी ते लिहून संवाद साधत. १९२७ साली लेखनही थांबवून त्यांनी इंग्रजी मुळाक्षरांची फळी वापरात आणली. ते एकेका अक्षरावर बोट ठेवीत आणि जवळचा सहकारी अक्षरे जुळवून शब्द मोठ्याने वाची. प्रत्येक अक्षराला अर्थ येई तो आधीच्या अक्षरांमुळे. संगणकाशी होणाऱ्या संवादाचे आराखडे आज ज्या मर्यादित-स्थिती यंत्राच्या कल्पनेवरून काढतात, तिचे हे यंत्राविना घडलेले रूप म्हणता येईल. १९५५ साली प्रकाशित झालेला 'गॉड स्पीक्स' हा त्यांचा ग्रंथ बहुतांशी या फळीवरूनच सांगितला गेला.

७ ऑक्टोबर, १९५४ रोजी त्यांनी फळीही सोडली. उरल्या त्या हातांच्या खुणा. खुणांना मुळाक्षरांसारखी ठरावीक मर्यादा नसल्याने अर्थ लावण्याचा भार दुभाष्यावर, विशेषतः एरच जसावाला यांच्यावर, आला. मेहेर बाबांची समाधी मेहेराबाद येथे आहे.