पालवणकर बाळूंचा हिशोब

पालवणकर बाळूंचे नाव निघाले की जळगाव-धुळ्यात आमचे कार्यकर्ते १९३७ चीच निवडणूक काढतात. काँग्रेसतर्फे ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, पडले. आम्हीही मत बाबासाहेबांनाच दिले असते. पण म्हणून त्यांचे बळी खोडायचे काय? पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखणारे हे चर्मकार फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी चालली, स्पर्श नाही. चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! काळा जॅक जॉन्सन १९०८ साली मुष्टियुद्धाचा जगज्जेता झाला, तो निदान ठोसे मारून. कर्णधारपद मात्र सवर्णांनी द्यायचे होते. १९२३ साली ते धाकट्या विठ्ठलना मिळाले. तोवर बाळूंचा खेळ संपला होता.