बेळगावची एक नाटकमंडळी आणि अण्णासाहेब किर्लोस्कर

आमच्या महाविद्यालयातील नाट्यमंडळाची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात नाटक झाले नाही. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना मराठी नाटक हवे होते, कन्नड विभागाच्या विद्यार्थ्यांना कन्नड. पंधरा दिवस नुसती चर्चा चालली. तेवढ्यात परीक्षा जवळ आल्या, निम्मी मुले तालमीला येईनाशी झाली आणि शेवटी यंदा नाटक होणार नाही, अशी सूचना मी फलकावर लावून टाकली. खोटे कशाला सांगू, सूचना लावल्यावर मला सुटल्यासारखे वाटले. पुढे सुट्टीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या चरित्राचा अभ्यास करीत असता मात्र त्या सुटकेची लाज वाटू लागली. ती का वाटली हे विद्यार्थिमित्रांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजच्या विद्यार्थ्यांना किर्लोस्कर म्हटले की पाण्याचा पंप किंवा लोखंडी नांगर आठवतो. त्यात त्यांची चूक नाही. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्करही आपल्याच जिल्ह्यातले. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढून त्यांनी व्यवसायाला आरंभ केला. पण त्याच आडनावाचे आणि त्याच गुर्लहोसूर गावचे आणखी एक गृहस्थ त्यांच्या आधी सव्वीस वर्षे जन्मले होते. त्यांचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब या नावाने ओळखतो आणि मराठी संगीत रंगभूमीचे जनक मानतो.

गुर्लहोसूर हे सौंदत्ती तालुक्यातले गाव. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुलखांचे दैवत. तिच्या यात्रेला जाणाऱ्या बैलगाड्या आमच्या निपाणी भागातूनही निघत. अशा गावी 31 मार्च 1843 रोजी अण्णासाहेबांचा जन्म झाला. घर मराठी आणि गाव कन्नड, अशी त्यांची स्थिती होती. दोन भाषा कानांवर घेऊनच मूल मोठे व्हावे, ही गोष्ट आपल्या सीमाभागात आजही नवलाची नाही. परंतु तिचे मोल काय, हे अण्णासाहेबांच्या आयुष्याकडे पाहिल्यावर कळते.

योगायोग असा की, ज्या वर्षी अण्णासाहेब जन्मले त्याच वर्षी, म्हणजे 1843 मध्ये, सांगलीला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तेथून मोजतो. या खेळामागेही कन्नड मुलूख उभा होता. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींनी सांगलीस येऊन आपले खेळ दाखविले. ते पाहून आपल्या भाषेतही असे काही व्हावे, अशी इच्छा सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या मनात आली आणि ते काम त्यांनी भाव्यांवर सोपविले. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्मवेळी कन्नड रंगभूमी सुईणीसारखी हजर होती.

इकडे बेळगाव, गोकाक, सौंदत्ती या भागात गावोगावी कन्नड लोकनाट्ये रंगत असत. गोकाक तालुक्यातील कुलगोडच्या तम्मण्णांचे श्रीकृष्ण पारिजात ही तर या मातीची खास देणगी. कृष्ण, रुक्मिणी आणि सत्यभामा यांची कथा, पण बोलणे अगदी आपल्या गावच्या लोकांचे, आणि त्यात पदांची रेलचेल. गावातलीच माणसे दिवसा शेतीचे काम करीत आणि रात्री देव होत. नाटक ही पैसे देऊन पाहायची वस्तू आहे हे त्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. ते गावाचे काम होते. देवळाचे छप्पर शाकारावे, विहिरीतला गाळ काढावा, तसे ते सर्वांनी मिळून करायचे.

मी स्वतः निपाणीजवळच्या एका खेड्यात वाढलो. आमच्या यात्रेतही गावची मुले नाटक बसवीत. दोन महिने तालीम देवळात चाले. तंबाखूच्या वखारीत काम करणारी माणसे रात्री जेवून येत, आणि ज्याला वाचता येत नसे त्याला दुसरा ओळी वाचून दाखवी. दिवसभर खाली मान घालून राबणारा माणूस त्या एका रात्री राजा होऊन ताठ मानेने बोले. पुढे वर्षभर लोक त्याला त्या राजाच्या नावानेच हाक मारीत. नाटक गावाला काय देते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

अण्णासाहेबांकडे वळू. पुढील शिक्षणासाठी ते पुण्यास गेले. पण तेथे अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांतच त्यांचे मन अधिक रमले आणि ते मंडळ्यांना पदे रचून देऊ लागले. शिक्षण तडीस गेले नाही. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने हा मुलगा वाया गेल्यातच जमा असावा. आजही एखादा विद्यार्थी वर्ग बुडवून तालमीला बसला की आपण प्राध्यापक मंडळी हाच शेरा मारतो, हे मी येथे कबूल करतो.

नंतर अण्णासाहेब बेळगावला आले आणि शिक्षकाची नोकरी करू लागले. येथेच 1866 मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी एक नाटकमंडळी उभी केली. तिचे नाव भारतशास्त्रोत्तेजक मंडळी. नाव भारदस्त असले तरी ती कोण्या संस्थानिकाच्या आश्रयाने निघालेली नव्हती. एका सामान्य शिक्षकाने जिल्ह्याच्या गावी केलेला तो उद्योग होता. 1873 मध्ये त्यांनी शांकरदिग्जय हे गद्य नाटक लिहिले. अल्लाउद्दिनाच्या चितोडवरील स्वारीवरही त्यांनी नाटक लिहावयास घेतले होते. ही नाटके आज कोणी करीत नाही आणि त्या मंडळीचे नावही अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. यशाच्या रूढ मापाने मोजले तर ती मंडळी फसली, असेच म्हणावे लागेल.

पण येथेच आपली फसगत होते. बेळगावची मंडळी निघाली 1866 मध्ये आणि पुण्यात शाकुंतल झाले 1880 मध्ये. मधली चौदा वर्षे हा माणूस काय करीत होता? तो शिकत होता. नट कोठे अडखळतो, प्रेक्षक कोठे कंटाळतो, संवाद लांबला की काय होते, पद चुकीच्या जागी आले की प्रसंग कसा मोडतो, हे सारे तालमीतच कळते. ते शिकविणारी शाळा त्या काळी कोठेही नव्हती. बेळगावातला तो खटाटोप हीच अण्णासाहेबांची शाळा होती आणि तिच्यात विद्यार्थीही तेच आणि मास्तरही तेच होते.

या काळात आणखी एक मोलाची गोष्ट घडली. सांगलीजवळच्या हरिपूरचा गोविंद बल्लाळ देवल हा मुलगा शिक्षणासाठी बेळगावात आला आणि अण्णासाहेबांच्या सहवासात सापडला. पुढे 1899 मध्ये रंगभूमीवर आलेले संगीत शारदा याच देवलांचे. म्हाताऱ्या वराशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या चालीवर त्या नाटकाने केलेला आघात सर्वांना परिचित आहे. देवल आयुष्यभर अण्णासाहेबांना गुरू मानत आले. एका शिक्षकाच्या नाटकवेडातून आणखी एक नाटककार घडला, एवढे जरी बेळगावच्या त्या दिवसांचे फलित मानले तरी ते थोडे नव्हे.

पुढे अण्णासाहेब रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस लागले आणि त्या निमित्ताने पुण्यास गेले. 1880 मध्ये तेथे एका पारशी मंडळीचा इंदरसभेचा खेळ पाहून, मराठीतही असे संगीत नाटक का असू नये, या विचाराने त्यांना झपाटले, असे सांगतात. त्यांनी कालिदासाचे शाकुंतल मराठीत आणायला घेतले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार होते. बाळकोबा नाटेकर आणि मोरोबा वाघोलीकर हे गाणारे नट बरोबर होते. किर्लोस्कर नाटक मंडळीचा जन्म तो हाच.

या प्रयोगाचे नावीन्य कशात होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. भाव्यांच्या पद्धतीत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. अण्णासाहेबांनी संवाद लिहून बांधून दिले आणि पद ज्या पात्राचे त्याच्याच तोंडी घातले. शकुंतलेचे दुःख आता सूत्रधार सांगत नव्हता. ती स्वतः गात होती. शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदे होती. संगीत नाटकाचा प्रयत्न त्यांच्याआधी मुळीच झाला नव्हता, असे नाही. 1879 मध्ये त्रिलोकेकरांनी नलदमयंती आणले होते. परंतु लोकांच्या मनात घर केले ते शाकुंतलाने.

नोव्हेंबर 1882 मध्ये सौभद्राचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले आणि पुढल्या वर्षी संपूर्ण नाटक झाले. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने महाराष्ट्र वेडा झाला. या नाटकांतील पदांच्या चालींकडे मी कन्नड विभागाच्या विद्यार्थ्यांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. अण्णासाहेबांनी हिंदुस्थानी रागदारी घेतली, लावणी घेतली, साकी आणि दिंडी घेतली, आणि त्यांच्या जोडीला कन्नड पदांच्या चालीही मोकळेपणाने उचलल्या. पुण्यामुंबईचे रसिक ज्या चालींवर माना डोलवीत होते, त्यांतल्या काही आपल्या मुलखातून गेलेल्या होत्या. कन्नड गावात वाढलेल्या माणसाला त्या परक्या वाटण्याचे कारणच नव्हते.

ही देवघेव एकाच बाजूने झाली असेही नाही. ज्या शाकुंतलाने अण्णासाहेबांना कीर्ती दिली, तेच 1870 च्या सुमारास चुरमुरी शेषगिरीरावांनी कन्नडमध्ये आणले होते. मराठी मंडळ्यांचे खेळ उत्तर कर्नाटकात फार चालतात, मग आपल्या भाषेचे काय, या तळमळीतून गदगला शांतकवी ऊर्फ सक्करी बाळाचार्य यांनी कन्नड नाटकमंडळी उभी केली. कर्कीच्या मंडळींना पाहून सांगलीकर जागे झाले आणि मराठी मंडळ्यांना पाहून गदगकर. यात चुरस होती, हे मी नाकारत नाही. पण त्या चुरशीतून दोन्ही बाजूंना नाटके मिळाली. आमच्या चुरशीतून गेल्या वर्षी फलकावर एक सूचना तेवढी लागली.

अण्णासाहेबांना आयुष्य फार लाभले नाही. रामराज्यवियोगाचे तीन अंक 1884 मध्ये झाले आणि ते नाटक अपुरेच राहिले. 2 नोव्हेंबर 1885 रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गुर्लहोसूरलाच वारले. शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगापासून मोजली तर त्यांच्या कीर्तीची वर्षे अवघी पाच भरतात. मंडळी मात्र त्यांच्यामागे 1930 च्या दशकापर्यंत चालत राहिली. बालगंधर्व 1905 मध्ये तिच्यातच दाखल झाले आणि 1913 मध्ये तिच्यातूनच बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

आपण पुण्याची पाच वर्षे लक्षात ठेवतो आणि बेळगावची वर्षे विसरतो. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील खरी शिकवण बेळगावातच आहे. ज्या मंडळीचे नाव आज कोणाला आठवत नाही, तिच्यावाचून शाकुंतल उभे राहिले असते असे मला वाटत नाही. गावोगावची हौशी मंडळे, यात्रेतली नाटके, गणेशोत्सवातील मेळे, महाविद्यालयांतील नाट्यमंडळे यांची किंमत करताना आपण नेहमी विचारतो की, यातून मोठा नट किती निघाला आणि पारितोषिके किती मिळाली. हा प्रश्नच अपुरा आहे. शंभरांत एखादाच अण्णासाहेब होतो. पण उरलेले नव्व्याण्णव रिकाम्या हाताने परत जात नाहीत. कोणाला चारचौघांत बोलण्याचे धैर्य येते, कोणाला दुसऱ्याची भाषा येते, आणि वखारीतल्या एखाद्या माणसाला वर्षभर पुरेल एवढा मान मिळतो.

यंदा मी फलकावर निराळी सूचना लावली आहे. नाटक कोणत्या भाषेत करायचे, हा वाद मी मिटवलेला नाही. तो मला मिटवता येणारही नाही. दोन छोटी नाटके बसवायची, एक मराठी आणि एक कन्नड, एवढे कन्नड विभागातील सहकाऱ्यांशी बोलून ठरविले आहे. मराठी नाटकाला पेटीवर कन्नड विभागातला विद्यार्थी बसेल, आणि कन्नड नाटकाचा पडदा व रंगभूषा मराठी विभागाकडे राहील. तालमी एकाच दालनात, एकामागून एक होतील. पहिल्या दिवशी अकरा विद्यार्थी आले. संख्या लहान आहे, शिवाय त्यांपैकी दोघांना पाठांतर होत नाही, हेही मला कळून चुकले आहे. तरीही ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी सायंकाळी पाच वाजता दालनात यावे. अभिनय येत नसला तरी चालेल, कारण सतरंज्या घालायलाही माणसे लागतात.